विज्ञान-थरार: कादंबरीवरून सिनेमा होताना नेमका कोणता दुवा गळतो?

सांडशी
(सूचना: धाग्यात रहस्यभेद भरपूर आहेत.)

‘ज्युरासिक पार्क’ कादंबरीत (मायकेल क्रायटन, १९९०) बेटावर डायनोसॉरांची पैदास चालू आहे हे कळतं ते एका मोजणीतून. नियंत्रण कक्षातला संगणक दर थोड्या वेळानं प्राणी मोजतो. अपेक्षित २३८, सापडले २३८. सगळे खूश. गणितज्ञ माल्कम म्हणतो, आता २३९ शोधायला सांगा. संगणक २३९ दाखवतो. मग ३०० शोधायला सांगतात, तेव्हा खरा आकडा येतो: २९२. अपेक्षित संख्या भरली की मोजणी थांबायची, कारण प्रणाली बांधणाऱ्यांना भीती होती ती प्राणी हरवण्याची. वाढण्याची शक्यता कुणी धरलीच नव्हती. वेलोसिरॅप्टर ८ असायला हवेत, निघतात ३७.

त्याच्याही आधी एक आलेख येतो. कॉम्पी नावाच्या छोट्या डायनोसॉरांच्या उंचीचा. छान घंटेच्या आकाराचा, निसर्गातल्या कुठल्याही प्राण्याचा यावा तसा. माल्कमला खटकतं ते हेच. कॉम्पी तीन तुकड्यांत, सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं सोडले होते. मग आलेखाला तीन शिखरं दिसायला हवीत, एक कसं?

१९९३च्या सिनेमात यातलं काही नाही. ग्रँटला अंड्याची टरफलं सापडतात, तो बेडकाच्या डीएनएबद्दल (त्यामुळे काही माद्या नर झाल्या असाव्यात) दोन वाक्यं बोलतो, विषय संपला.

लांबीमुळे कापलं असं म्हणता येईल, पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. विज्ञान-थरारात खरा थरार ‘सगळं ठीक दिसतंय’ या अवस्थेत असतो. यंत्रणा मोडलेली असते आणि हिरवा दिवा चालूच असतो. सिनेमा तिचा परिणाम ठेवतो, पण ती गुपचूप मोडण्याची पायरी काढून टाकतो. कादंबरीतल्या विजेचंच बघा. प्रणाली लिहिणाऱ्या नेड्रीनं घातलेला घोळ निस्तरायला मुख्य अभियंता अर्नोल्ड सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करतो. चालू होते ती सहायक विजेवर. मुख्य जनरेटर वेगळा सुरू करायचा असतो, तो राहून जातो. पडदे उजळतात, नकाशे दिसतात, फोन चालतात. कुंपणांना मात्र मुख्य वीज लागते, त्यामुळे पहाटेपासून एकाही कुंपणात वीज नाही. सहायक जनरेटरचं इंधन संपत आल्याची सूचना झळकते तेव्हा कुठे हे लक्षात येतं.

तुलना करायची तर ‘पुस्तक बरं की सिनेमा बरा’ असं नको. कारणांची साखळी मांडा: कोणती चूक, ती कुणाच्या का लक्षात आली नाही, कशामुळे उघड झाली. मग सिनेमानं यातला कोणता दुवा ठेवला, कोणता बदलला ते बघा. पात्रं कोण मेलं, कोण वाचलं (हॅमंड, जेनॅरो, मल्डून, वू या चौघांचंही उलटसुलट झालंय) हे इथे दुय्यम.

गच्चीवरचा
विजेच्या बाबतीत सिनेमावर थोडा अन्याय होतोय. तो दुवा पूर्ण कापलेला नाही, आखडलाय. सिनेमातही अर्नोल्ड सगळं बंद करून चालू करतो, ब्रेकर पडतात, आणि ते वर करायला कुणीतरी शेडपर्यंत जायला लागतं. आणि एक बारकावा आहे जो बरेच जण विसरतात. सिनेमातल्या नेड्रीनं रॅप्टरच्या कुंपणाला हात लावलेला नसतो. आपल्याला पळायला वाट हवी म्हणून तो बाकीची कुंपणं बंद करतो, पण रॅप्टर सोडण्याइतका तोही वेडा नाही. रॅप्टर सुटतात ते अर्नोल्डनं सगळं बंद केल्यामुळे. म्हणजे दुरुस्तीनंच मोठं नुकसान केलं, हा कादंबरीचा मुद्दा सिनेमात एका वाक्यात शाबूत आहे.

फरक वेळेचा आहे. कादंबरीत ती चूक काही तास झाकलेली राहते, सिनेमात काही मिनिटांत उघडी पडते. वाचकाला पान उलटून ‘अरे, तेव्हापासून?’ असं मागे जाऊन बघता येतं. थिएटरात बसलेला माणूस मागे जाऊ शकत नाही. पटकथेत क्रायटन स्वतः होता (डेव्हिड केपसोबत), तेव्हा ‘हॉलिवूडवाल्यांना कळलं नाही’ हे इथे चालणार नाही.

रेझिस्टर
मोजणीच्या चुकीबद्दल. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ही चूक अजिबात ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. १९९०च्या आसपास चित्रांवरून प्राणी ओळखून मोजणं हे संगणकासाठी प्रचंड महागडं काम. अपेक्षित आकडा गाठला की शोध थांबवणं ही वेळ वाचवायची सरळ युक्ती. दोष ओळीत नाही, मागणीत आहे. ग्राहकानं विचारलं, ‘सगळे आहेत का?’ त्याचं बरोबर उत्तर मिळालं. ‘किती आहेत?’ हा प्रश्न विचारलाच नव्हता. चाचणी घेणाऱ्यानं एकदा जरी मुद्दाम जास्तीचा प्राणी घालून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

सिनेमातला संगणकाचा भाग उलट जास्त बदनाम आहे. ती मुलगी, लेक्स, ‘ही तर युनिक्स प्रणाली’ म्हणते आणि पडद्यावर त्रिमितीय ठोकळ्यांवरून उडत जाते, त्याला लोक हसतात. ते दृश्य खोटं नाही. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर फाइली अशा दाखवणारा प्रोग्रॅम खरोखर होता, नाव एफएसएन. हसायचंच तर एवढ्यावर हसा, की घाईच्या वेळी असला दिखाऊ प्रोग्रॅम कुणी उघडणार नाही. कादंबरीत संगणक चालवतो तो टिम, आणि तो मोठा भाऊ आहे. सिनेमात वयं उलटी करून ते काम लेक्सला दिलं. हा बदल मला पटतो. कादंबरीतली लेक्स रडण्याखेरीज फारसं काही करत नाही.

टेस्टट्यूब
जीवशास्त्राच्या बाजूनं दोन गोष्टी. एक दोन्हीकडे सारखीच चुकलेली, दुसरी फक्त पुस्तकात शक्य असलेली.

पहिली लायसिनची. प्राणी बेटाबाहेर गेले तर मरावेत म्हणून त्यांना लायसिन हे अमिनो आम्ल शरीरात बनवता येणार नाही अशी ‘सोय’ केली जाते. गंमत अशी की कुठल्याच पृष्ठवंशी प्राण्याला लायसिन बनवता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, कोंबडीला नाही. ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. वरणभातात डाळ लागते ती बऱ्याच अंशी यासाठीच, कारण तांदळात लायसिन कमी आणि डाळीत भरपूर. म्हणजे कंपनीनं लाखो डॉलर खर्चून डायनोसॉरांना तेच वैगुण्य दिलं जे त्यांच्यात असायलाच हवं होतं. मांसाहारी प्राण्याला तर काहीच अडचण नाही, समोरचं जनावर म्हणजेच लायसिनचा साठा. आता गंमत बघा: सिनेमा ही योजना उल्लेखून सोडून देतो. कादंबरी मात्र तिचा पुढे वापर करते. बेटावरून निसटलेले प्राणी शेतातलं सोयाबीन आणि कोंबड्या, म्हणजे लायसिन भरपूर असलेलं अन्न, शोधत आत सरकतायत अशा बातम्या येतात. पाया कच्चा, पण त्यावरचा तर्क पक्का.

दुसरी गोष्ट डीएनएच्या अक्षरांची. कादंबरीत डायनोसॉरचा म्हणून एक डीएनए-क्रम पानावर छापलाय. मार्क बोगुस्की या अमेरिकन संशोधकानं तो माहितीसाठ्याशी ताडून बघितला आणि १९९२ साली छापून टाकलं की यातला बराच भाग पीबीआर३२२ हा आहे. म्हणजे प्रयोगशाळांत जिवाणूंमध्ये जनुक घालायला वापरतात तो नेहमीचा प्लास्मिड. पुढच्या ‘लॉस्ट वर्ल्ड’ कादंबरीसाठी मग बोगुस्कीनंच क्रम पुरवला: कोंबडी आणि बेडूक यांच्या जनुकांचं मिश्रण, मध्ये काही जादा तुकडे घातलेले. ते तुकडे अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांमध्ये वाचले की ‘मार्क इथे येऊन गेला’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि त्याच्या संस्थेची आद्याक्षरं निघतात.

सिनेमात ही अक्षरं दिसतात ती रॅप्टरच्या अंगावर प्रकाशानं उमटलेली. दृश्य झकास आहे, पण त्यात ताडून बघण्यासारखं काही नाही.

बाकी अंबरमधून डायनोसॉरचा डीएनए मिळणं दोन्हीकडे अशक्यच. मोआ पक्ष्याच्या हाडांवर २०१२ साली झालेल्या अभ्यासात, १३ अंश सेल्सियसच्या आसपास डीएनएचा अर्धायुकाल ५२१ वर्षं निघाला. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडमधल्या गाळातला, सुमारे २० लाख वर्षांचा, तोही तुकड्या-तुकड्यांत. डायनोसॉर त्याच्या तिसाहून जास्त पट मागे.

गच्चीवरचा
आणि हालचाल केली नाही तर टी-रेक्सला दिसत नाही, ते? सिनेमामुळे शाळकरी पोरांनाही पाठ झालंय.

टेस्टट्यूब
ते पहिल्या कादंबरीतही आहे. ‘लॉस्ट वर्ल्ड’ कादंबरीत क्रायटननं ते पात्रांच्या तोंडून खोडून काढलं, पण तोवर सिनेमा जगभर गेला होता. तसंच रॅप्टरचं. खरा वेलोसिरॅप्टर टर्कीएवढा. कादंबरीतला प्राणी मुळात डायनोनिकस आहे. ग्रेगरी पॉलनं १९८८च्या पुस्तकात दोघांना एकाच प्रजातीच्या (जीनसच्या) छताखाली घातलं होतं, क्रायटननं तेच नाव उचललं. सिनेमानं तो त्याहून फुगवला.

कुंभारवाडा
सांडशी, तुमच्या सिद्धांताला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो त्याच लेखकाचा. ‘अँड्रोमेडा स्ट्रेन’. कादंबरी १९६९, सिनेमा १९७१, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज.

थोडक्यात: अंतराळातून परतलेल्या उपग्रहाबरोबर काहीतरी येतं आणि पीडमाँट नावाचं ४८ वस्तीचं गाव मरतं. (कादंबरीत ॲरिझोना, सिनेमात न्यू मेक्सिको.) वाचतात दोघेच: पोटात अल्सर असलेला, ॲस्पिरिन खाणारा आणि स्टर्नो नावाचं जळणाचं स्पिरिट पिणारा ६९ वर्षांचा म्हातारा, आणि सतत रडणारं तान्हं बाळ. नेवाडात जमिनीखाली पाच मजली प्रयोगशाळा, चार शास्त्रज्ञ. दोघांत सारखं काय, हे शोधायचं.

इथे सिनेमानं प्रक्रिया कापलेली नाही, उलट ताणली आहे. एकेका मजल्यावर निर्जंतुकीकरण, कपडे जाळणं, त्वचेचा वरचा थर झळाळत्या प्रकाशानं उडवणं, मग पुढचा मजला. आजचा कुठलाही निर्माता हा भाग दीड मिनिटात उरकेल. मग उपग्रहाच्या टोपलीची तपासणी: आधी कमी भिंगातून, मग जास्त, एकेक इंच सरकत. यांत्रिक हात, काचेपलीकडे उंदीर, माकड. पडदा दोन-चार चौकटींत विभागून एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांतलं काम दाखवलंय. कादंबरीत क्रायटन संगणकाचे छापील कागद, तक्ते, नकाशे आणि शेवटी खोटी संदर्भसूची घालून ‘ही सरकारी फाइल आहे’ असा आव आणतो. वाइजनं त्या फाइलीला पडद्यावरचा पर्याय शोधला तो हा. डग्लस ट्रम्बुलचे विशेष दृश्य-परिणाम आणि गिल मेलेचं इलेक्ट्रॉनिक संगीत, जे अनेकदा यंत्रांच्या आवाजातून वेगळं काढता येत नाही, हेही त्याच कामाला लागलेत.

आणि गुपचूप मोडणारी यंत्रणा म्हणाल तर एक नव्हे, दोन ठेवल्यात. पहिली: टेलिप्रिंटरच्या घंटेत कागदाचा एक कपटा अडकतो. संदेश येत राहतात, कागद छापत राहतो, घंटा वाजत नाही म्हणून कुणी वाचत नाही. तो कपटा सिनेमात जवळून दाखवलाय. काढला की घंटा वाजते. दुसरी: चौघांपैकी एक शास्त्रज्ञ लेविट, तिला अपस्मार आहे, तिनं लपवलंय. ‘वाढ नाही’ असा निकाल लाल उघडझाप करणाऱ्या अक्षरांत येतो आणि नेमकी त्याच क्षणी ती गोठलेली असते. अँड्रोमेडा (हे त्या अंतराळातल्या जंतूचं नाव) कशात वाढत नाही, हीच तर कामाची माहिती होती. कादंबरीत लेविट पुरुष आहे. सिनेमात केट रीडनं केलेली खवट, कंटाळलेली बाई मूळ पात्रापेक्षा कितीतरी जिवंत आहे.

सिनेमा घसरतो तो शेवटी. लेझर चुकवत शिडी चढण्याचा भाग दुसऱ्याच सिनेमातून आल्यासारखा वाटतो.

सांडशी
कपट्याचा मुद्दा मान्य, आणि तो कळीचा आहे. कागदाचा कपटा दिसतो. सॉफ्टवेअरमधली अट दिसत नाही. बिघाडाला शरीर असेल तर कॅमेरा तो ठेवतो, असं म्हणू का?

टेस्टट्यूब
त्या बाळाचं आणि म्हाताऱ्याचं उत्तर रक्ताच्या आम्लतेत आहे. अँड्रोमेडा ७.३९ ते ७.४३ या सामूतच जगते. म्हाताऱ्याचं रक्त ॲस्पिरिन आणि स्टर्नोमधल्या मेथेनॉलमुळे आम्लधर्मी झालेलं (मेथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं). बाळ रडून रडून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतंय, म्हणून त्याचं रक्त अल्कधर्मी. सुंदर कोडं, दोन्ही टोकं एकाच पट्टीवर.

पण दोन भोकं आहेत आणि सिनेमानं ती बुजवली नाहीत. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. म्हणजे गावातले काही जण काहीही न करता त्या अरुंद पट्टीबाहेर असणार. निदान दोन-चार तरी वाचायला हवे होते. दुसरं, श्वासामुळे झालेला बदल टिकत नाही. बाळ दमून झोपलं की काही मिनिटांत सामू परत जागेवर येतो. कादंबरी वाचताना हे लक्षात येत नाही कारण लेखक आकडा देऊन लगेच पुढे पळतो.

मोरपंखी
‘द मार्शियन’ कुणी काढला नाही अजून? अँडी वीअरची कादंबरी २०११ मध्ये त्यानं स्वतः प्रसिद्ध केली, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनानं काढली. रिडली स्कॉटचा सिनेमा २०१५चा.

सांडशींच्या साखळीत बसणारं इथलं सर्वांत मोठं उदाहरण पाथफाइंडरचं. मंगळावर एकटा अडकलेला अंतराळवीर वॉटनी १९९७ साली बंद पडलेलं पाथफाइंडर यान खणून आणतो आणि त्याच्या फिरत्या कॅमेऱ्यावरून नासाशी बोलतो. रोमन मुळाक्षरांच्या २६ पाट्या आणि प्रश्नाची एक अशा २७ पाट्या गोल मांडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १३ अंश येतात, कॅमेरा कुठे रोखलाय ते ओळखू येणार नाही. म्हणून तो सोळाच्या पायावरची अंकपद्धत घेतो: १६ पाट्या, एक प्रश्नाची, प्रत्येकी २१ अंश. दोन पाट्यांचं एक अक्षर. ४८ म्हणजे एच, ४एफ म्हणजे ओ, ५७ म्हणजे डब्ल्यू. हे सिनेमात जसंच्या तसं आहे, आणि मस्त जमलंय. फिरणारा कॅमेरा, बर्फासारख्या पांढऱ्या पाट्या, धूळ. दाखवायला सोपं.

पुढे कादंबरीत काय होतं? वॉटनी ड्रिलनं रोव्हरच्या तयारीत असतो. ड्रिल कामाच्या टेबलाला टेकवून ठेवतो. त्याच टेबलाला पाथफाइंडरची जोडणी आहे. ड्रिलचा ९ अँपिअरचा प्रवाह यानात शिरतो. यानाची तयारी ५० मिलिअँपिअरपुरती. पाथफाइंडर मरतं, कायमचं. इतका खटाटोप करून मिळवलेला संवाद एका टेकवलेल्या ड्रिलपायी गेला. तिथून पुढे बराच काळ तो नासाला फक्त दगड मांडून मोर्समध्ये सांगू शकतो, नासा त्याला काहीच सांगू शकत नाही. म्हणून पुढचं धुळीचं वादळ त्याला स्वतःला ओळखावं लागतं: सौर पट्ट्यांची वीज रोज किंचित कमी मिळतेय, मग अंतरा-अंतरावर मोजमापं ठेवून वादळ कोणत्या बाजूला दाट आहे ते काढतो आणि वळसा घेतो. शिवाय उतारावर रोव्हर उलटतो.

सिनेमात ड्रिल नाही, वादळ नाही, उलटणं नाही. संपर्क शेवटपर्यंत चालू. त्यामुळे मंगळावरचा लांब प्रवास म्हणजे पार्श्वसंगीतावर काढलेली सहल झाली. त्याबदल्यात शेवटी हातमोजा फाडून हवेच्या झोतावर उडण्याचा प्रकार घातला. कादंबरीत वॉटनी ती कल्पना सुचवतो आणि कमांडर लुइस ती धुडकावते. तिथे त्याला पकडायला सहकारी बेक जातो, सिनेमात लुइस स्वतः.

रेझिस्टर
मोरपंखीताई, ड्रिलचं अगदी मान्य. सिनेमात मात्र एक गफलत नव्यानं घुसलीय. हॅबचा (मंगळावरच्या राहायच्या तंबूचा) एअरलॉक उडून गेल्यावर त्या भोकावर तो प्लास्टिक ताणून चिकटपट्ट्या लावतो आणि आत एका वातावरणाचा दाब भरतो. एका वातावरणाचा दाब म्हणजे चौरस मीटरला १० टन. दोन मीटर व्यासाचं भोक धरलं तरी त्या प्लास्टिकवर ३० टनांहून जास्त जोर. रात्री वाऱ्यानं ते फडफडताना दाखवलंय, म्हणजे आत दाब नाहीच असं सिनेमाच सांगतो. दाबाखालचं कापड टणक फुगलेलं असतं, फडफडत नाही. कादंबरीत तो हॅबचंच जादा कापड रेझिननं सांधतो, ते पटण्यासारखं आहे.

सुरुवातीचं वादळ मात्र दोन्हीकडे खोटं. ताशी १७५ किमी वारा ठीक, पण मंगळाच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे ०.०२ किलो, आपल्याकडे १.२. वाऱ्याचा जोर घनता गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात. हिशोब केला तर तो वारा पृथ्वीवरच्या ताशी २२ किमी वाऱ्याइतकाच लागेल. झेंडा हलेल, अँटेना उडणार नाही. वीअरनं हे जाणूनबुजून केलं आणि तसं सांगितलंही आहे.

आता कादंबरीची चूक, जी सिनेमानं आकडेच न सांगून टाळली. बटाटे लावायच्या मातीला पाणी हवं म्हणून वॉटनी इंधनातलं हायड्रॅझिन इरिडियमवरून सोडून तोडतो. एका रेणूतून नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन रेणू, ते जाळले की पाण्याचे दोन. म्हणून तो म्हणतो २९२ लिटर हायड्रॅझिनपासून जवळजवळ ६०० लिटर पाणी. इथे रेणूंचं प्रमाण लिटरला लावलंय. हायड्रॅझिनचा रेणूभार ३२, पाण्याचा १८. २९२ लिटर म्हणजे सुमारे २९८ किलो. त्यातून ३३५ किलोच्या आसपास पाणी. ६०० नाही. ऑक्सिजनचंही तेच: ५० लिटर द्रव ऑक्सिजनपासून तो १०० लिटर पाणी धरतो, मिळेल ६४. नशीब असं की मातीसाठी त्याला आणखी २५० लिटरच हवं असतं, तेव्हा हायड्रॅझिन पुरतं. ऑक्सिजन गोळा करायचे दिवस तेवढे वाढतील.

मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार आहेत (फिनिक्स यानाला २००८ मध्ये सापडले, अर्ध्या ते एक टक्क्याच्या घरात), त्यावर दोन्हीकडे चिडीचूप. पाण्यानं माती धुऊन काढता येतात, पण मग त्या २५० लिटरांचं गणित कोलमडतं.

निळीशाई
‘बिघाडाला शरीर असेल तर’ या मुद्द्यावर रॉबिन कुकच्या ‘कोमा’चं उदाहरण चपखल आहे. कादंबरी १९७७, सिनेमा १९७८, आणि दिग्दर्शक पुन्हा क्रायटन. म्हणजे एका डॉक्टर-लेखकाची गोष्ट दुसऱ्या डॉक्टर-लेखकानं पडद्यावर आणली. कुक मराठी अनुवादांतून बऱ्याच जणांनी वाचलाय, त्यामुळे पूर्ण कथा सांगत बसत नाही, एवढंच: किरकोळ शस्त्रक्रियेला आलेले निरोगी रुग्ण कोमात जातात आणि नायिका त्याचं कारण शोधते.

आठ नंबरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ऑक्सिजनच्या नळीत गुपचूप कार्बन मोनॉक्साइड सोडला जातो. कादंबरी हे आकडेवारीतून काढते: कोणते रुग्ण, कोणती खोली, किती प्रमाण. क्रायटननं सिनेमात नायिकेला त्या नळीमागे चढवलंय. नळी छतातून कुठे जाते ते ती शोधत जाते, आपणही बरोबर. आकडेवारी मागे सरली, नळी पुढे आली. आणि तारांवर लटकवलेल्या रुग्णांचं ते दृश्य तर एकदा पाहिलं की विसरत नाही.

भूल देण्याच्या दृष्टीनं निवड हुशारीची आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो, आणि असं रक्त लालभडक दिसतं. रुग्ण निळा पडत नाही, म्हणून भूलतज्ज्ञाला शंका येत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तेव्हा थिएटरात नव्हते म्हणून हे चाललं असतं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. नेहमीचा ऑक्सिमीटर प्रकाशाच्या दोन तरंगलांबींवर चालतो आणि कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. मॉनिटरवर ९८ टक्के दिसेल. पकडायचं तर रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरवर घालायला हवा.

सांडशी
९८ दाखवणारा मॉनिटर! २३८ दाखवणाऱ्या संगणकाचा सख्खा भाऊ.

वक्रतुंड११
मग शरीर अजिबातच नसलेलं उदाहरण घ्या. कार्ल सेगनची ‘काँटॅक्ट’, कादंबरी १९८५, सिनेमा १९९७, दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस. एक लक्षात ठेवा: सेगन आणि ॲन ड्रुयान यांनी ही गोष्ट १९७९च्या सुमारास आधी सिनेमासाठीच लिहायला घेतली होती. सिनेमा रखडला म्हणून कादंबरी झाली.

वेगा ताऱ्याकडून अविभाज्य संख्यांचा संदेश येतो, त्यात हिटलरच्या १९३६च्या ऑलिंपिक प्रक्षेपणाची चित्रफीत, त्याखाली यंत्राचे आराखडे. इथवर दोन्ही सारखे. कादंबरीत यंत्रात बसून पाच जण जातात, त्यात देवी सुखवती ही भारतीय शास्त्रज्ञही आहे. सिनेमात एकटी नायिका, खगोलशास्त्रज्ञ एली. ती परत आल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि पुरावा म्हणून सिनेमा देतो १८ तासांची खरखर. पृथ्वीवर सेकंदही गेला नाही, तिच्या कॅमेऱ्यात मात्र १८ तासांचं रेकॉर्डिंग. रिकामं, पण १८ तासांचं.

कादंबरीचा पुरावा पाय (π) या संख्येत आहे. एली संगणकाला पायचे अंक काढत बसवते. ११ अंकांच्या पद्धतीत (आपली १० अंकांची असते) लिहिलेल्या पायमध्ये खूप आत अचानक नुसते शून्य आणि एक येऊ लागतात. ते चौकोनात मांडले की वर्तुळ उमटतं. म्हणजे विश्व बनवणाऱ्यानं सही केलीय. हे सिनेमातून साफ गेलं.

कुंभारवाडा
पण पायमध्ये कधी ना कधी कुठलाही क्रम सापडणारच ना? मग त्यात सही कसली?

वक्रतुंड११
बहुतेक सापडेल. पाय त्या अर्थानं ‘सामान्य’ संख्या आहे असं मानतात; सिद्ध मात्र झालेलं नाही. म्हणून सगळं वजन क्रम कुठे सापडतो यावर आहे. ११ अंकांच्या पद्धतीत ठरावीक ‘न’ अंकांचा क्रम योगायोगानं भेटायला सरासरी ११चा ‘न’-वा घात इतके अंक जावे लागतात. समजा वर्तुळाची चौकट १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० अंक. तो योगायोगानं येण्याची जागा ११चा १०,००० वा घात, लिहायला बसलात तर १०,००० हून जास्त आकडी संख्या. एवढे अंक मोजणारा संगणक या विश्वात मावणार नाही. उलट, एलीच्या संगणकाला तो काही वर्षांत सापडला म्हणजे तो जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी अलीकडे आहे. वर्तुळ किंचित वाकडं असलेलं चालेल, वेगवेगळ्या आकाराच्या चौकटी चालतील अशा सवलती दिल्यात तरी शक्यता थोडीच वाढते, घातांकापुढे ती टिकत नाही. एलीनं बाकीच्या अंकपद्धती तपासल्या का, म्हणजे २, ३, १० अंकांच्या वगैरे, हा खरा आक्षेप घेण्यासारखा प्रश्न. दहा पद्धती तपासल्या तर योगायोगाची शक्यता दहापट धरायला हवी. दहापटीनंही काही बिघडत नाही, पण कादंबरीत कुणीतरी हे विचारायला हवं होतं.